मसुरीच्या 'सॅव्हॉय'मध्ये एक रात्र, आणि १९११ चं ते प्रकरण

सांजवात (धागाकर्ती)

मसुरीला 'सॅव्हॉय'मध्ये राहून आलो. परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, 'भूत दिसलं का?', म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते. भूत दिसलं नाही. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथूनच मागे फिरायला हरकत नाही. पण ज्या बाईचं भूत तिथे फिरतं म्हणतात, तिची हकिगत भुतापेक्षा भारी आहे. मी वकील असल्यामुळे माझा सगळा जीव तिच्यातच अडकला होता.

आधी हॉटेलबद्दल थोडं. लखनौच्या लिंकन नावाच्या बॅरिस्टरने ते बांधलं, १९०२ मध्ये सुरू झालं. रेल्वे डेहराडूनपर्यंत नुकतीच, म्हणजे १९०० मध्ये, पोचली होती आणि तिथून वर मोटारीचा रस्ता नव्हता. पियानोपासून कपाटांपर्यंत जे काही आहे ते बैलगाडीतून नाहीतर माणसांच्या पाठीवरून डोंगर चढून आलेलं. १९०५ च्या कांगडा भूकंपात इमारतीला चांगलाच मार बसला, दुरुस्त होऊन ती १९०७ मध्ये पुन्हा उघडली. १९२० मध्ये जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि पत्नीला हवापालटासाठी घेऊन इथे उतरले, तेव्हा ब्रिटिशांशी बोलणी करायला आलेलं अफगाण शिष्टमंडळही इथेच होतं. 'त्यांच्याशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या' असं सरकारने सांगितलं. नेहरूंचा त्या लोकांशी काडीचा संबंध नव्हता, पण लिहून द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना मसुरी सोडावी लागली. मधली बरीच वर्षं हॉटेलची रया गेली होती, आता नूतनीकरण होऊन दिमाखात चालू आहे.

आता प्रकरण. १९११ साली फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची ४९ वर्षांची इंग्रज बाई इथे मुक्कामाला होती. लग्न ठरलेला अधिकारी लग्नाआधीच वारला होता आणि ती प्लँचेट, मृतात्म्यांशी बोलणं, असल्या गोष्टींत गुंतलेली होती. सोबत इव्हा माउंटस्टीफन, ही लखनौची आणि त्याच नादातली. इव्हा मध्येच मसुरी सोडून खाली निघून गेली. त्यानंतर सप्टेंबरात फ्रान्सिस आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडली. दार आतून बंद. तपासणीत प्रुसिक ॲसिड, म्हणजे सायनाइडचं विष निघालं. पोटासाठी ती घेत असलेल्या खायच्या सोड्याच्या बाटलीत इव्हाने विष कालवून ठेवलं असा आरोप झाला, अलाहाबादला खटला चालला आणि इव्हा निर्दोष सुटली. विष कोणी घातलं हे आजवर ठरलेलं नाही.

'आतून बंद दार' हे सगळे डोळे मोठे करून सांगतात. मला त्यात काहीच गूढ वाटत नाही. विषप्रयोगात दाराचा प्रश्नच येत नाही. माणूस स्वतः कडी लावतो आणि स्वतःच्या हाताने औषध घेतो. खरी गंमत पुढे आहे. आरोपी शेकडो मैल दूर होती हाच फिर्यादीचा मुद्दा, आणि तोच बचावाचाही. दूर राहून मारलं असं म्हणावं, तर मधल्या काळात त्या बाटलीला कोणाकोणाचा हात लागला हे कोण शपथेवर सांगणार?

रात्रीबद्दल: ती खोली कुठली हे विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळतं. लांबलचक व्हरांडे, जुनं लाकूड, वर पत्रा. बाराच्या पुढे छतावर असा काही धडधडाट झाला की मी उठून बसले. नवरा घोरतोय. पुन्हा धडधड, मग चीत्कार. लंगूर! उरलेली रात्र मी सोड्याच्या बाटलीचा विचार करत जागून काढली.

कोणी अशा ठिकाणी राहिलं असेल तर लिहा. ऐकीव नको, राहिलेलं.

खडूस_पेणकर

थोडक्यात, भुताचे पैसे भरले आणि माकड मिळालं. हॉटेलकडे परतावा मागितला की नाही? हलकेच घ्या.

देवगडचा_हापूस

आमच्याकडे भूत पाहायला पैसे मोजून जाणारा माणूस म्हणजेच बाधा झालेला समजतात. :)

पण एक फरक सांगतो. आमच्या बाजूचा देवचार किंवा राखणदार हा गावाचा असतो. त्याची हद्द ठरलेली, त्याची वाट ठरलेली, त्याला पायताण आणि काठी द्यायची, वर्षाचा मान द्यायचा. कोणी त्याला बघायला जात नाही, उलट त्याच्या वाटेत आडवं येऊ नये एवढंच बघतात. या हॉटेलांतल्या भुतांचं गावाशी काही नातंच नाही, ती गिऱ्हाइकाची भुतं. आजी असती तर म्हणाली असती, 'भुतांका आता हाटेलातली खोली लागता?'

तर्कट

छान लिहिलंय, सांजवात. झोपेबद्दल थोडी भर घालतो.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत असतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मोजून दाखवलं. अनोळखी जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आणि बारीकशा अनोळखी आवाजालाही माणूस लवकर जागा होतो. म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावर. 'रात्रभर कोणीतरी खोलीत असल्यासारखं वाटत होतं' हे हॉटेलातल्या पहिल्या रात्री घडणारच, मग ते हॉटेल झपाटलेलं असो की नसो.

त्यात जुनं लाकडी बांधकाम. मसुरी साडेसहा हजार फुटांवर. दिवसा तापलेला पत्रा आणि तुळया रात्री थंड होताना आकसतात आणि कडकड वाजतात. तोच आवाज दुपारी झाला तर आपण मानही वर करत नाही.

आणि दुसरा प्रकार म्हणजे जाग आलेली असते पण शरीर हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात, ते पुन्हा ताब्यात यायच्या आत शुद्ध आली की असं होतं. जागरण, प्रवासाचा शीण, उताणं झोपणं यांनी शक्यता वाढते. सहलीत हे तिन्ही असतातच.

मीनाक्षी_ठाणे

तर्कट, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, पण माझा अनुभव ऐका. लोणावळ्याच्या बाजूला एका हॉटेलात (नाव नाही घेत) आम्ही चौघी मैत्रिणी होतो. मध्यरात्री टीव्ही आपोआप सुरू झाला. बंद केला, तर पुन्हा सुरू. प्लग काढला तेव्हा थांबला. सकाळी रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, 'त्या खोलीत होतं असं.' इतक्या सहज! आम्ही नाश्ता न करता निघालो. आता यात कुठला अर्धा मेंदू?

खडूस_पेणकर

प्लग काढल्यावर थांबणारं भूत हे महावितरणच्या अखत्यारीत येतं.

तर्कट

मीनाक्षीताई, शेजारच्या खोलीतला रिमोट, वीज जाऊन आली की आपोआप चालू होणारे संच, बरीच कारणं असू शकतात. तुम्हाला भीती वाटली ती मात्र खरीच, तिच्याबद्दल वाद नाही.

मला त्या मुलाचं वाक्य जास्त रोचक वाटतं. त्याने 'टीव्ही दुरुस्त करतो' म्हटलं असतं तर तुम्ही हा प्रसंग आज लिहिला असता का?

रॉकीवासी

डेन्व्हरहून. इथून दीड-दोन तासांवर एस्टेस पार्कला 'स्टॅन्ली हॉटेल' आहे, मराठी मंडळाचे पाहुणे आले की त्यांना रॉकी पर्वताच्या जोडीला ते दाखवायचा शिरस्ताच पडलाय. आम्ही तिथे राहिलोही आहोत.

स्टॅन्ली म्हणजे वाफेवर चालणारी मोटार बनवणाऱ्या जुळ्या भावांपैकी एक. त्याला क्षय झाला, डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितलं म्हणून तो १९०३ मध्ये इकडे आला, बरा झाला आणि १९०९ मध्ये त्याने हे हॉटेल उघडलं. सगळ्यांना हवी असते ती २१७ नंबरची खोली. १९७४ मध्ये स्टीफन किंग तिथे एक रात्र राहिला, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं, जवळजवळ रिकामं. त्यावरून त्याला त्याची गाजलेली भयकादंबरी सुचली, आणि तेव्हापासून त्या खोलीसाठी रांग. (तिच्यावरच्या १९८० च्या सिनेमाचं चित्रीकरण मात्र तिथे झालेलं नाही. आलेले निम्मे लोक तेच समजून फोटो काढतात.)

आता धाग्याच्या विषयाशी जुळणारी गोष्ट. त्या खोलीतलं भूत एका चेंबरमेडचं, म्हणजे खोल्या आवरणाऱ्या बाईचं, असं सांगतात. जून १९११ मध्ये, हो, तुमच्या मसुरीचंच साल, हॉटेलात गॅसगळती होऊन मोठा स्फोट झाला आणि तिच्यासकट जमीन खाली कोसळली. पण ती बाई जगली! जबर जखमी झाली, बरी झाली. म्हणजे जिथे ती मेलीच नाही तिथे तिचं भूत. पाहुण्यांच्या बॅगा ती आवरून ठेवते म्हणे.

सांजवात

@रॉकीवासी, हे फारच आवडलं. जिवंत सुटलेल्या बाईला मरणोत्तर पुन्हा त्याच कामाला जुंपलं! इथे फ्रान्सिसचंही तेच. आयुष्यभर मृतात्म्यांशी बोलायची धडपड केली आणि आता पर्यटक तिच्याशी बोलायला मोबाइलवर रेकॉर्डर चालू करून व्हरांड्यात उभे. आम्ही होतो त्या रात्रीही दोन मुलं असंच करत होती. त्यांना खटल्याबद्दल विचारलं तर त्यांना इव्हाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

कोटा_रिटर्न्ड

मुलगा कोट्याला क्लासेसना होता, तेव्हा त्याला भेटायला गेल्यावर एकदा हौसेने 'बृजराज भवन'मध्ये राहिलो. चंबळेच्या काठावरची कोठी, आधी ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीचं निवासस्थान. १८५७ च्या ऑक्टोबरात कोट्याच्या फौजेने उठाव केला, तेव्हा तो प्रतिनिधी, मेजर बर्टन, आणि त्याचे दोन तरुण मुलगे याच इमारतीत मारले गेले. हा इतिहास आहे. त्यापुढे दंतकथा अशी की मेजरसाहेबाचं भूत अजून फिरतं, कोणाला त्रास देत नाही, फक्त पहाऱ्यावर झोपलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या चौकीदाराच्या थोबाडीत देतं.

मला पटलं. मालकाला इतका सोयीचा मुकादम दुसरा कुठे मिळणार? बिनपगारी, रात्रपाळी, सुट्टी नाही.

रात्र शांत गेली. झोप आली नाही ती मुलाच्या टेस्टच्या मार्कांमुळे.

देवगडचा_हापूस

शेवटच्या वाक्याला दंडवत. धाग्यातली खरी भयकथा हीच.

गिरगावकर_काका

जाता जाता, आपल्या मुंबईच्या 'ताज'बद्दलही असंच पसरवलेलं आहे. आर्किटेक्ट इंग्रज, नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, समुद्राकडे पाठ, म्हणून त्याने आत्महत्या केली आणि तो जुन्या इमारतीत फिरतो. लहानपणापासून ऐकतोय.

यातलं काहीही टिकत नाही. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. डब्ल्यू. ए. चेंबर्स हा इंग्रज इंजिनियर नंतर आला आणि त्याने काम पुरं केलं. डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून तेव्हाचं दार तिकडे, आणि समुद्राची बाजू खोल्यांना. जास्तीत जास्त खोल्यांना समुद्राचा वारा आणि देखावा मिळावा हा साधा व्यवहार. गेटवे तर तेव्हा नव्हताच.

मला राग भुताचा येत नाही. या गोष्टीत वैद्यांचं नाव कुठेच नसतं, याचा येतो. एका मराठी माणसाने आखलेली इमारत, आणि लोकांच्या तोंडी काय, तर न मेलेल्या साहेबाचं भूत. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयाबद्दलही अगदी हीच कथा सांगतात, उलटी इमारत, आर्किटेक्टची उडी, सगळं तेच.

सांजवात

काका, वैद्यांचं नाव मला आजच कळलं. धन्यवाद.

अर्धाकप_चहा

मी काही काळ मसुरीत होतो, सनदी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. आमची अकादमीसुद्धा एका जुन्या हॉटेलाच्या जागेवर, 'शार्लव्हिल' नाव होतं त्याचं, १९५९ पासून तिथे अकादमी आहे. भुतं असतील तर आमच्या वेळापत्रकाला घाबरून पळाली असावीत.

तिथे 'सॅव्हॉय'पेक्षा जास्त चालते ती लंबी देहर खाणींची गोष्ट. 'इथे १९९० मध्ये पन्नास हजार मजूर रक्त ओकून मेले' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. अहो, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मसुरीची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास आहे! आणि या डोंगरांतल्या चुनखडीच्या खाणी बंद करण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश १९८५ पासूनचे, पर्यावरणाच्या बाबतीतला देशातला एक पहिला मोठा निकाल. धुळीने फुफ्फुसं खराब झालेले मजूर, बोडके झालेले डोंगर, आटलेले झरे, हे सगळं खरं आणि पुरेसं भयंकर आहे. पण त्या निकालासाठी कोणी रात्री टॉर्च घेऊन खाणीत जात नाही.

शतावरी_वैद्य

डॉक्टर म्हणून एक महत्त्वाचं. डोंगरात झपाटलेल्या खोलीपेक्षा बंद खोलीतल्या शेगडीला घाबरा. थंडीत कोळशाची अंगीठी खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून झोपायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. दर हिवाळ्यात यात माणसं दगावतात.

आणि याचा भुतांशी थेट संबंध आहे. १९२१ मध्ये एका अमेरिकन नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात विल्मर नावाच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकिगत छापली. नव्या घरात राहायला गेल्यावर सगळ्यांना पावलं ऐकू येत, कोणीतरी उभं असल्याचं दिसे, मुलं कोमेजली, घरातली झाडं मरायला लागली. शेवटी कारण निघालं घर तापवायच्या भट्टीचं. तिचा धूर धुराड्यातून बाहेर जायच्या ऐवजी घरात येत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुतं गेली.

खोलीत काहीही जळत असेल तर खिडकी फटभर उघडी ठेवा. सासूबाई ओरडल्या तरी.

मीनाक्षी_ठाणे

हे मात्र लक्षात ठेवीन. आमच्या चारधामला एका ठिकाणी अशीच शेगडी दिली होती आणि सकाळी सगळ्यांची डोकी ठणकत होती. आम्ही विरळ हवेला दोष दिला.

तर्कट

शतावरी, +१. याच माळेतला आणखी एक किस्सा. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाच्या इंजिनियरला प्रयोगशाळेत रात्री करड्या रंगाची आकृती दिसली, अंगाला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा त्याने शोध घेतला. नवीन बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहत होती. १९९८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. पुढे लंडनमध्ये मुद्दाम तशा लहरी सोडलेल्या खोलीत प्रयोग झाले, तेव्हा लोकांना विचित्र अनुभव आले खरे, पण लहरी नसतानाही आले. आधी सांगून ठेवलं होतं ना, 'इथे काहीतरी वाटू शकेल'!

पानसुपारी

सांजवात, एक राहिलंच. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी या मसुरीच्या प्रकरणावर बेतलेली आहे असं वाचलंय. किपलिंगने कोनन डॉयलला कळवलं, डॉयलने तिला सांगितलं, वगैरे. खरं का?

सांजवात

ही साखळी मलाही मसुरीत जो भेटला त्याने ऐकवली. पुरावा म्हणून मी ती दाखल करून घेणार नाही. कादंबरी १९२० ची, त्यात बाई आतून बंद खोलीत विषाने मरते आणि मारणारा तिथे नसतो, इतकं साम्य आहे. पण विष वेगळं आहे. आणि ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होती, विषं तिच्या रोजच्या हाताखालची. तिला मसुरीची गरज असेलच असं नाही.

गोळीबंद_फार्मसिस्ट

औषधवाला म्हणून माझी शंका. प्रुसिक ॲसिड हा पटकन उडून जाणारा द्रव आहे, तो सोड्याच्या भुकटीत टिकणार नाही. म्हणजे बाटलीत असेल तर सायनाइडचा क्षार असणार, दिसायला सोड्यासारखाच पांढरा. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचंच प्रुसिक ॲसिड होतं. आणि त्या काळी सायनाइड दुर्मीळ नव्हतं. फोटोग्राफीला लागे, मुलामा द्यायला लागे, फुलपाखरं जमवणारे साहेब लोक किडे मारायला वापरत. हिल स्टेशनवर हे तिन्ही छंद जोरात.

सांजवात

@गोळीबंद, तुम्ही १९१२ मध्ये अलाहाबादला असता तर बचावपक्षाने तुम्हाला पहिला साक्षीदार केलं असतं. विष घरोघरी मिळत असेल तर 'आरोपीकडे साधन होतं' या मुद्द्याला फारसं वजन उरत नाही. हेतू म्हणाल तर संशय घ्यायला जागा आहे. एकटी, पैसेवाली बाई, तिच्या मनावर ताबा असलेली सखी. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी न्यायाधीश असते तर मीही सोडलं असतं, आणि घरी येऊन जेवण गेलं नसतं.

आत्महत्येची शक्यताही मी खोडून काढत नाही. पलीकडे आपलं माणूस वाट बघतंय यावर जिचा पक्का विश्वास, तिने स्वतःच बाटलीत हात घातला नसेल कशावरून?

खडूस_पेणकर

वकीलबाईंनी शंभर वर्षांनी इव्हाला पुन्हा सोडवलं. फी हॉटेलच्या बिलात लावा.

पानसुपारी

सगळं झालं, पण जायचं कधी आणि भाडं किती हे कोणी लिहिलंच नाही. आम्ही दिवाळीनंतरचा विचार करतोय, सोबत सत्तरीचे सासरे आहेत.

सांजवात

मे-जूनमध्ये जाऊ नका, मॉल रोडवर माणसांची आणि डेहराडूनच्या वाटेवर गाड्यांची रांग असते. पावसाळ्यात दरडी. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ, बर्फाची शिखरं दिसतात, भाडंही सुट्टीतल्यापेक्षा उतरतं. आकडा थेट हॉटेललाच विचारा, रोज बदलतो. सासऱ्यांसाठी जिने नसलेल्या बाजूची खोली मागून घ्या, चढ-उतार बराच आहे. आणि खिडकी लावून झोपा. शेगडी असेल तर नाही, पण नसेल तर नक्की, लंगूर पिशव्या पळवतात.